बगल्स बँड इतक्या लवकर का बंद पडला? (आणि बुरशी लागलेली कॅसेट)

देवगडचो_आंबट
गणपतीला घरी आलोय, माळा झाडताना काकांची पत्र्याची ट्रंक मिळाली. काका बोटीवर होते, त्यांच्या कॅसेटी त्यात, एकीवर बगल्स, द एज ऑफ प्लास्टिक. फोनवर गाणं लावलं आणि उडालोच, हे तर आपलं डिस्को डान्सरमधलं 'कोई यहाँ आहा नाचे नाचे'! बाबा म्हणतात इंग्रजांनी आपलं चोरलं. खरं काय? आणि एवढं भारी गाणं करून हे लोक गेले कुठे? दुसरं म्हणजे कॅसेटच्या पट्टीवर पांढरी बुरशी आलीय, तशीच लावू का?

रेडिओवेडा
बाबांना सांग उलटं आहे 😄 'व्हिडिओ किल्ड द रेडिओ स्टार' १९७९ चं, डिस्को डान्सर १९८२ चा. बँड म्हणजे मुळात दोनच माणसं, ट्रेव्हर हॉर्न आणि जेफ डाऊन्स, गाणं लिहिताना ब्रूस वूली पण होता. ऑक्टोबर ७९ मध्ये इंग्लंडात एक नंबरला गेलं. हॉर्नचा आवाज मुद्दाम जुन्या रेडिओसारखा चेपलाय, म्हणून तो लांबून आल्यासारखा वाटतो.

बंद पडले म्हणजे गाणी आपटली असं नाही हां. जानेवारी ८० मध्ये तुझ्याकडची कॅसेट आली आणि त्याच वर्षी येस नावाच्या मोठ्या रॉक बँडचा गायक आणि कीबोर्डवाला दोघंही सोडून गेले, तर त्या जागी हे दोघं गेले. म्हणजे डबलबारी भजनाच्या बुवाला मध्येच उचलून दशावतारात उभा केला असं समज. ड्रामा नावाचा एक अल्बम, एक दौरा, की येसही फुटला. मग डाऊन्स एशिया बँडमध्ये गेला आणि बगल्सचा दुसरा अल्बम ८१ मध्ये हॉर्नने बराचसा एकट्यानेच संपवला. खपला नाही.

खाडीपलीकडचा
एक गाणं करून संपले असले बँड ढीगभर आहेत. उगाच कौतुक.

रेडिओवेडा
@खाडीपलीकडचा एक नाही, पुढचं गाणंपण १६ नंबरपर्यंत गेलं होतं. आणि हॉर्न संपला कुठे, तो निर्माता झाला, फ्रँकी गोज टू हॉलिवूडचं 'रिलॅक्स', नंतर सीलची गाणी, ती त्याचीच कामं. माझ्या मते तो स्टेजचा माणूस नव्हताच, स्टुडिओचा होता. अजून एक गंमत, बँडच्या आधी हे दोघं टीना चार्ल्स या गायिकेच्या साथीला वाजवायचे आणि तिची गाणी करणारा कोण, तर आपला बंगळूरचा बिद्दू, 'आप जैसा कोई' वाला. म्हणजे आपला माणूस त्यांच्या अवतीभवती आधीपासून होताच.

रापणकार_अण्णा
अरे मेल्या, तां गाणां आमच्या वाडीत लय वाजायचां! तेव्हा मुंबैकर गणपतीत टीव्ही नि व्हीसीआर भाड्याने आणायचे, खळ्यात रात्रभर तीन पिक्चर आणि भजनाला फक्त म्हातारे. लाईट गेली की पोरं परत भजनात. व्हिडिओने रेडिओ मारला म्हणतात ते आम्ही डोळ्यांनी बघितलंय. पण भजन काय मेलं नाही बरं का, आता पोरं डबलबारी यूट्यूबवर बघतात.

एमटीव्ही १ ऑगस्ट १९८१ ला अमेरिकेत चालू झाला तेव्हा पहिला व्हिडिओ याच गाण्याचा लावला होता. त्यात काळ्या कपड्यात कीबोर्डवर क्षणभर दिसतो तो हान्स झिमर, पुढे लायन किंगचं संगीत देणारा.

देवगडचो_आंबट
अण्णा जबरदस्त 🙏 बाबांना तारखा दाखवल्या, म्हणाले "मगे बप्पीदान चांगला केल्यान." आता कॅसेटचं बोला कोणीतरी.

रेडिओवेडा
तशीच अजिबात लावू नको, बुरशी टेपच्या हेडला लागते आणि मग दुसऱ्या कॅसेटींना. आधी दोनचार दिवस बंद डब्यात तांदूळ नको, सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेव. मग स्क्रू असतील तर कॅसेट उघड, नाहीतर पेन्सिल घालून हळू फिरव आणि पट्टी कोरड्या मऊ फडक्यातून जाऊ दे. तोंडाला रुमाल बांध आणि पडवीत बसून कर, खोलीत नको.

रापणकार_अण्णा
आणि पाऊस थांबल्यावर कर. म्हणजे दिवाळीला ये परत.