छोट्या थ्रीडी डिस्प्लेत रंग एकमेकांवर बसत नाहीत

प्रश्न (परभणी): छोट्या थ्रीडी डिस्प्लेसाठी लाल ६३८, हिरवा ५३२ आणि निळा ४५० नॅनोमीटरचा असे तीन लेझर आहेत, ग्रेटिंग (प्रकाशाला रंगानुसार वेगवेगळं वळवणारी बारीक रेघांची पट्टी) मिलिमीटरला १००० रेघांचं. तिन्ही सरळ आत सोडले की १५ सेंमीवरच्या पडद्यावर लाल आणि निळा ठिपका जवळपास ५ सेंमी लांब पडतात. डिस्प्लेचा डबा मोठा न करता एकत्र कसे आणायचे?

उत्तर १ (छत्रपती संभाजीनगर): दादा, ग्रेटिंग ठीकच आहे. रेघांमधलं अंतर १००० नॅनोमीटर, म्हणून वळणाच्या कोनाचा साइन म्हणजे तरंगलांबी भागिले १०००. निळा २६.७, हिरवा ३२.१, लाल ३९.६ अंश. आता हेच उलटं करा: प्रत्येक लेझर त्याच्या त्या कोनातून, एकाच बाजूने आत सोडा, तिन्ही ग्रेटिंगला काटकोनात, एकाच रेषेत बाहेर येतील. न वळलेला प्रकाश आणि दुसऱ्या क्रमाचे (ग्रेटिंगने आणखी एक टप्पा जास्त वळवलेले) किरण तिरके सुटतात, तिथे मॅट काळा कागद लावाच. नाहीतर भूतप्रतिमा दिसतात आणि माणूस उगाच लेन्सला दोष देतो.

उत्तर २ (लातूर): कोन बरोबर लावूनही दुपारी लाल सरकेल. लाल लेझर डायोडची तरंगलांबी तापमानाच्या दर अंश सेल्सिअसला साधारण ०.२ नॅनोमीटर वाढते. २० अंशांच्या फरकाने ४ नॅनोमीटर, म्हणजे १५ सेंमीवर ०.६ मिमी. आपल्याकडच्या मे महिन्यात हे नक्की होतं. डायोड ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यात बसवा आणि गरम झाल्यावरच जुळवणी करा. हिरवा स्वस्त पॉइंटरमधला असेल तर इन्फ्रारेड फिल्टर आधी. अशा पॉइंटरमधून हिरव्यासोबत निसटणारा इन्फ्रारेड प्रकाश दिसत नाही, पण डोळा जातो.