मदत हवी आहे: रत्नागिरी जिल्ह्यातल्या गावांची वयोगटानुसार लोकसंख्या

नमस्कार मंडळी. राजापूर तालुक्यातल्या आमच्या गावात ज्येष्ठांसाठी आरोग्य केंद्रापर्यंत गाडीची सोय व्हावी म्हणून ग्रामपंचायतीला निवेदन द्यायचं आहे. साठीच्या पुढचे लोक किती, हे आकड्यानिशी दाखवायचंय.

२००१ ला जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ होती, २०११ ला १६,१५,०६९. म्हणजे ८० हजारांहून जास्त घट! हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया, कारण कमावते पुरुष मुंबईला. आमच्या वाडीत गणपती-शिमग्याला घरं गजबजतात, एरवी बहुतेक दारांना कुलूप. उघड्या घरात एखादी आजी एकटी. आजारी पडली तर रिक्षासुद्धा वर येत नाही, हे फार जिवाला लागतं.

जनगणनेच्या गावनिहाय तक्त्यात ० ते ६ वयाची मुलं वेगळी दाखवलीत, म्हातारी माणसं नाहीत. मग आकडा काढायचा कुठून? मतदार यादीत वय असतं, पण मुंबईकरांची नावंही त्यातच. आशाताईंच्या सर्वेक्षणातली माहिती ग्रामपंचायतीला अधिकृतपणे मागता येते का? की घरोघरी जाऊन स्वतःच मोजणी करावी? कुणी असं काम केलं असेल तर अर्जाचा नमुना किंवा तक्ता नक्की पाठवा.