मदत हवी आहे: सोमाली बुरानबुर आणि आपल्या जात्यावरच्या ओव्या

नमस्कार मंडळी, एमएच्या प्रोजेक्टसाठी सोमाली बायकांची बुरानबुर कविता आणि आपल्या जात्यावरच्या ओव्या असा तुलनात्मक विषय घेतलाय. गाईड म्हणतात पुरुषांचं गबय (तिकडचाच एक कविताप्रकार) घे, त्यावर मटेरियल जास्त आहे, पण मला तेच नकोय, सगळे तेच घेतात.

अडलंय ते यमक-अनुप्रासावर. सोमालीत अख्ख्या कवितेत एकच अक्षर धरून ठेवतात, 'द' घेतला की प्रत्येक ओळीत 'द'ने सुरू होणारा शब्द आलाच पाहिजे, आणि स्वर असेल तर कुठलाही स्वर चालतो. ओवीत यमक ओळीच्या शेवटी, मग तुलना कशाच्या आधारावर करू? बुरानबुर लग्नात ढोलाच्या तालावर नाचत म्हणतात, ओवी दळताना, म्हणून लयीवरून जावं असं वाटतंय, पण छंदाचं गणित डोक्यावरून जातंय. सोमालीत मात्रांचे नियम कवी गारिये वगैरेंनी 1976च्या सुमारास मांडले, अधिकृत लिपीच मुळी 1972ला ठरली, त्यामुळे जुनं बरंचसं तोंडी नाहीतर कॅसेटवर.

बुरानबुरची रेकॉर्डिंग्ज इंग्रजी भाषांतरासकट कुठे मिळतील? आणि पुण्यात कुणाच्या ओळखीत सोमाली विद्यार्थिनी असेल तर प्लीज सांगा, दोन-चार ओळी नीट म्हणून घ्यायच्यात. सिनॉप्सिस पुढच्या आठवड्यात द्यायचाय 🙏