ॲब्सोल्यूट पाथ आणि रिलेटिव्ह पाथ : मराठीत काय म्हणावे?

वेलांटी : लेखात चित्रे जोडण्याची सोय असलेल्या एका सॉफ्टवेअरचे मराठीकरण करत आहे. जोडलेल्या फाइलचे ठिकाण दस्तऐवजात कसे नोंदवावे, यासाठी सेटिंगमध्ये ॲब्सोल्यूट आणि रिलेटिव्ह असे दोन पर्याय आहेत : पहिल्यात ड्राइव्हपासून फाइलपर्यंतचे सगळे फोल्डर क्रमाने लिहिले जातात, दुसऱ्यात एखाद्या ठरलेल्या फोल्डरापासून फाइलपर्यंत कसे जायचे तेवढेच. मी ‘निरपेक्ष मार्ग’ आणि ‘सापेक्ष मार्ग’ असे लिहिले. तपासणाऱ्या सहकाऱ्याने शेरा मारला, की ही सेटिंग आहे की संन्यासाची दीक्षा? शब्द कोशाला धरून आहेत, पण पडद्यावर वाचताना मलाही हसू आले. दुसरे काय सुचते?

तिरपी रेघ : दोष ‘मार्ग’ या शब्दाचा आहे, भक्तिमार्ग आणि ज्ञानमार्गाच्या पंक्तीत बसलेला हा शब्द फाइलपर्यंत नेईल असे वाटत नाही. ‘पूर्ण पत्ता’ लिहावे. रिलेटिव्ह मात्र पत्ता नव्हेच. ‘दोन टिंबे, तिरपी रेघ, चित्रे’ याचा अर्थ एक पायरी वर जा आणि ‘चित्रे’ नावाच्या फोल्डरात शिर, असा होतो. ही वाट झाली, आणि निघण्याची जागा बदलली की वाट चुकते.

अर्धविराम : ‘पूर्ण’ला माझी हरकत आहे, कारण एकाला पूर्ण म्हटले की दुसरा आपोआप अपुरा ठरतो आणि वापरणारा तो टाळतो. मीही असाच टाळला होता. एक अहवाल सगळ्या फोल्डरासह पेन ड्राइव्हवर घेतला आणि दुसऱ्या संगणकावर उघडला, तर प्रत्येक चित्राच्या जागी रिकामी चौकट! चित्रे शेजारच्याच फोल्डरात होती, पण अहवाल ती माझ्या डी ड्राइव्हवर शोधत होता. त्या दिवशी ‘अपुऱ्या’ने काम भागले असते. उलट, चित्रे जागेवर ठेवून नुसता दस्तऐवज हलवला, तर पूर्ण पत्ताच टिकतो, हेही मान्य करायला हवे.

वेलांटी : म्हणजे दोन्हींत उणे-अधिक काही नाही, हे शब्दातून दिसले पाहिजे.

कानामात्रा : ‘सापेक्ष’ला इतक्या लवकर निकालात काढू नये. आपला ‘पेक्षा’ हा प्रत्ययासारखा वापरला जाणारा शब्द ‘अपेक्षा’पासूनच आला आहे, ‘यापेक्षा’ म्हणताना आपण कशाच्या तरी तुलनेनेच बोलतो. ‘सापेक्ष’ ऐकताच मराठी माणूस ‘कशाच्या?’ असे विचारतो, आणि तोच येथे खरा प्रश्न आहे. दस्तऐवज ज्या फोल्डरात आहे त्याच्या सापेक्ष, की प्रोग्राम ज्या फोल्डरातून चालू केला त्याच्या? हे न सांगितल्यामुळे एकच नोंद आज चालते आणि उद्या चालत नाही. म्हणून विशेषणाचा नाद सोडून ‘पासून’ वापरावे : ॲब्सोल्यूटला ‘मुळापासून’ (मूळ म्हणजे ‘रूट’, सगळे फोल्डर जिथून फुटतात ती जागा) आणि रिलेटिव्हला ‘दस्तऐवजापासून’.

तिरपी रेघ : ‘दस्तऐवजापासून’ पटले. ‘मुळापासून’ लिनक्सवर शोभेल, कारण तेथे मूळ एकच असते. विंडोजवर प्रत्येक ड्राइव्हला स्वतःचे मूळ असते. दस्तऐवज सी वर आणि चित्र डी वर असेल, तर दस्तऐवजापासून निघणारी वाटच नसते. तेथे कोणाच्या मुळापासून म्हणायचे?

शुद्धमती : मुळात ‘फाइल’, ‘फोल्डर’, ‘ड्राइव्ह’ हे सगळे तसेच ठेवून एका ‘पाथ’चेच सोवळे कशाला? फाइलसाठी ‘धारिका’ स्वीकारा, मग ‘धारिकापथ’ सहज होतो, आणि ‘पथा’वर भक्तिमार्गाची छायाही पडत नाही.

अर्धविराम : ‘धारिका’ची सक्ती केलीत, तर धारिका उघडण्यासाठी लोक आधी शब्दकोश उघडतील. शिवाय तिच्याशी ‘संचिका’चे भांडण अजून मिटलेले नाही.

शुद्धमती : रुळेपर्यंत प्रत्येक शब्द असाच वाटतो. ‘संगणक’ आज कोणाला खटकतो?

कानामात्रा : संगणक रुळला, पण माउसचा ‘मूषक’ झाला नाही.

वेलांटी : तूर्त ‘दस्तऐवजापासून’ घालत आहे. दुसरी जागा रिकामी आहे. तपासणाऱ्यांनी आता कच्च्या मसुद्यातल्या ‘मुळापासून’चे ‘मूळापासून’ करून ठेवले आहे. यापैकी बरोबर कोणते?

शुद्धमती : ‘मुळापासून’. ‘फूल’चे ‘फुलापासून’ होते, तसेच. तत्सम शब्दांचा ऊकार मात्र दीर्घच राहतो.

तिरपी रेघ : मग ‘मूळ’ हा शब्द तत्सम मानायचा की नाही?