हेपवर्थची कंपनी 1924 मध्ये का बुडाली?

मृण्मयी:
सुरुवातीच्या ब्रिटिश स्टुडिओंवर टिपणं काढतेय आणि चित्रपट निर्माते सेसिल हेपवर्थपाशी अडकलेय. वॉल्टन-ऑन-टेम्सला स्वतःचा स्टुडिओ, 1905 साली 'रेस्क्यूड बाय रोव्हर'सारखा तुफान चाललेला चित्रपट, आणि 1924 मध्ये दिवाळं! जिथे तिथे 'अमेरिकन स्पर्धा' एवढंच वाचायला मिळतं. नक्की काय घडलं, कुणी सांगेल का?

अनंतकाका:
मृण्मयी, मी तीस वर्षं प्रोजेक्टर चालवला, तेव्हा रिळापासूनच सुरू करतो. 'रोव्हर'ला खर्च आला 7 पौंड 13 शिलिंग 9 पेन्स. कुत्रा घरचा, बाळ घरचं. कथा बायकोची आणि आईचं कामही तिचंच. प्रती खपल्या 395. भाड्याने नाही हं, विकल्या! तेव्हा फिल्म फुटाच्या भावाने विकत. प्रत्येक प्रत काढताना निगेटिव्ह, म्हणजे मूळ फिल्म, पुन्हा यंत्रातून जायची. कडेची भोकं फाटायची, ओरखडे पडायचे. शेवटी ती इतकी झिजली की अख्खा चित्रपट नव्याने चित्रित केला, तोही एकदा नाही, दोनदा. फाटक्या भोकांचं रीळ मी बोटांनी चाचपत दुरुस्त केलंय, त्यामुळे हे वाचताना आजही बोटं शिवशिवतात.

ही विक्री थांबून भाडेपद्धत आली, चित्रपट लांबले आणि पैसा हळूहळू चित्रगृहवाल्यांकडे गेला. त्यात पहिलं महायुद्ध. अमेरिकन वितरक एका गाजलेल्या चित्रपटासोबत न पाहिलेल्या चित्रपटांचा गठ्ठा गळ्यात मारायचे आणि चित्रगृहांच्या तारखा महिनोन्‌महिने अडकून पडायच्या. चित्रपट तयार आहे, पण लावायला पडदा रिकामा नाही, मग लावलेले पैसे सुटणार कधी? नेमक्या त्याच काळात हेपवर्थने विस्तारासाठी शेअर काढले आणि पुरेसं भांडवल उभं राहिलं नाही. माझ्या मते घाव तिथेच बसला.

सुलेखा:
काकांच्या मुद्द्याला जोडून. 1927 च्या ब्रिटिश चित्रपट कायद्याने गठ्ठ्याच्या सौद्यांना चाप लावला आणि ब्रिटिश चित्रपटांचा कोटा ठरवला. सुरुवातीला वितरकांसाठी साडेसात टक्के, चित्रगृहांसाठी पाच. मग मोठी भांडवलं उतरली. ग्लासगोचे वकील जॉन मॅक्सवेल यांच्याकडे एल्स्ट्रीचा स्टुडिओ होताच, 1928 मध्ये त्यांनी एबीसी ही चित्रगृहांची साखळी उभी केली. गोमाँ-ब्रिटिश या दुसऱ्या मोठ्या कंपनीकडेही चित्रगृहं होती आणि शेफर्ड्स बुशचा स्टुडिओही. स्वतःचा चित्रपट, स्वतःचाच पडदा. हेपवर्थकडे नेमकं हेच नव्हतं. कोट्यामुळे घाईघाईत उरकलेले भिकार चित्रपटही भरपूर निघाले, हे मात्र खरं.

मृण्मयी:
काका, सुलेखाताई, खूप आभार. 'पडदा रिकामा नाही' हे कुठेच वाचलं नव्हतं. एकच राहिलं, हेपवर्थच्या सगळ्या चित्रपटांच्या निगेटिव्हचं पुढे काय झालं?

अनंतकाका:
वितळवल्या गं. दिवाळखोरीनंतर फिल्ममधल्या चांदीचे पैसे वसूल करायला. वीसेक वर्षांचं काम. वॉल्टनचा स्टुडिओ 1926 मध्ये आर्चिबाल्ड नेटलफोल्ड या निर्मात्याने घेतला, तिथे पुढेही चित्रीकरण चालू राहिलं. पण ती रिळं गेली ती गेलीच. 'रोव्हर' मात्र आजही पाहता येतो. प्रती विकून बाहेर गेलेल्या होत्या ना! सहा-सात मिनिटांचाच आहे. नदी पोहून आल्यावर कुत्रा अंग झटकतो, ते नीट बघ.