एम.एस्सी. बायोटेकसाठी एप्रन, ग्लोव्हज, गॉगल: काय घेऊ? (बजेट १२००)

कृष्णाकाठची
नमस्कार मंडळी. मी कराडची. बी.एस्सी. बॉटनी झालं, आता पुण्यात एम.एस्सी. बायोटेक्नॉलॉजीला नंबर लागलाय. बॉटनीत एप्रन म्हणजे शाईचे डाग ड्रेसवर पडू नयेत म्हणून. इथे पहिल्याच सेमिस्टरला मॉलिक्युलर बायॉलॉजीची प्रॅक्टिकल्स आहेत, डीएनए आयसोलेशन, जेल (त्यात डीएनएचे तुकडे वेगळे करून बघतात), पीसीआर (डीएनएच्या प्रती काढणं) वगैरे. सीनियरने यादी पाठवली: पूर्ण बाह्यांचा एप्रन, ग्लोव्हज, गॉगल, बंद बूट, परमनंट मार्कर. बूट आहेत. बाकी सगळं १२०० रुपयांत बसवायचंय. हॉस्टेलचं डिपॉझिट भरल्यापासून बाबा गप्प आहेत, त्यामुळे वर एक रुपयाही मागू शकत नाही.
१. एप्रन टेरिकॉट (३५०) की कॉटन (६५०)?
२. ग्लोव्हज लॅटेक्स की नायट्राइल?
३. मला चष्मा आहे. वेगळा गॉगल लागतोच का? की लेन्स लावू?

म्युनिकर
अभिनंदन! आमच्याकडे एप्रन विद्यापीठच देतं, धुवायलाही तेच नेतं, इस्त्री होऊन परत येतो. गॉगल मात्र मी नंबरचा करून घेतला, १४० युरो पडले. डोळ्यांच्या बाबतीत काटकसर करू नये.

साबुदाणा_वडा
१४० युरो! अहो, तिने १२०० रुपये लिहिलंय.

अर्धवट_पीएचडी
टेरिकॉट अजिबात नको. कॉटन जळतं, टेरिकॉट वितळतं आणि कातडीला चिकटतं. आमच्या वर्गात एकाने काचेचा स्प्रेडर स्पिरिटमध्ये बुडवून बर्नरवर धरला (प्लेटवर जिवाणू पसरवताना तसंच करतात) आणि पेटलेला स्प्रेडर परत स्पिरिटच्या बीकरमध्ये घातला. बीकर पेटला. हा घाबरून मागे सरकला, तर बाहीला लागून बीकर हिंदकळला. टेरिकॉटची बाही होती. कोपराजवळची खूण अजून आहे. शेजारच्या मुलीने पेट्री डिशचं झाकण टाकून बीकर विझवला म्हणून तेवढ्यावर निभावलं.
अमेरिकेतल्या यूसीएलए विद्यापीठातलं प्रकरण तर जगजाहीर आहे. डिसेंबर २००८. हवेत आपोआप पेटणारं रसायन सिरिंजमधून उडालं, अंगात सिंथेटिक स्वेटर, एप्रन नाही. २३ वर्षांची मुलगी १८ दिवसांनी गेली.

प्रिन्सेस_स्ट्रीटवाला
कॉटन +१. मुंबईत कोणी असेल तर प्रिन्सेस स्ट्रीटवरून मागवा, कॉलेजजवळच्या दुकानापेक्षा स्वस्त पडतं. मी १९९४ साली ८५ रुपयांत घेतलेला एप्रन अजून आहे. आता बायको तो घालून दिवाळीची साफसफाई करते.

निळी_शाई
कॉटन +१, टेरिकॉट वितळतं. नायट्राइल घ्या. लॅटेक्सने माझ्या बोटांना पुरळ उठायचं. मी दोन वर्षं त्याला 'थंडीमुळे' म्हणत राहिले. शिवाय नायट्राइलला भोक पडलं की कळतं, लॅटेक्सचं कळत नाही.

जेलडॉक
ग्लोव्हजवर विश्वास किती ठेवायचा तेही सांगा की. डीएनए आयसोलेशनला फिनॉल-क्लोरोफॉर्म असेल, तर क्लोरोफॉर्म पातळ नायट्राइलमधून बघता बघता आत येतं. शिंतोडा उडाला की ग्लोव्ह लगेच काढून फेकायचा, 'एवढं पिपेटिंग संपवते आणि बदलते' चालत नाही. आणि फिनॉलची गंमत अशी की आधी जागा बधिर होते, म्हणून भाजलेलं कळतच नाही. पांढरा डाग दिसला तर समजायचं.

आगाऊ
अमेरिकेत एका प्रोफेसर बाई लॅटेक्स ग्लोव्हवर दोन थेंब पडून वारल्या म्हणे?

जेलडॉक
कॅरन वेटरहान. ते डायमिथाइल मर्क्युरी होतं, पाऱ्याचं जहाल विष. थेंब पडले १९९६ च्या ऑगस्टमध्ये, त्या गेल्या १९९७ च्या जूनमध्ये. एम.एस्सी.च्या प्रॅक्टिकलला ते कोणी देणार नाही, पोरीला घाबरवू नका.

आगाऊ
मग जेलमध्ये डीएनए दिसावं म्हणून घालतात ते एथिडियम ब्रोमाइड? त्याने कॅन्सर होतो ना?

साबुदाणा_वडा
झालं. आता धागा शंभरी गाठणार. चहा टाकून येते.

गुरांचा_डॉक्टर
तुमचं एथिडियम म्हणजे आमचं होमिडियम. आफ्रिकेत ट्रिपॅनोसोम या परजीवीच्या रोगावर गाईबैलांना किलोमागे १ मिलिग्रॅम टोचत आलेत. गाई चांगल्या उभ्या राहतात. तुमच्या जेलमध्ये असतं मिलिलिटरला अर्धा मायक्रोग्रॅम. उगाच भूत करून ठेवलंय.

निळी_शाई
गाईला वीस वर्षांनी काय झालं ते बघायला कोण बसलं होतं?

गुरांचा_डॉक्टर
गाय वीस वर्षं जगते का आधी ते विचारा.

अर्धवट_पीएचडी
दोघंही थोडे बरोबर आहात. डीएनएच्या पायऱ्यांमध्ये घुसतं म्हणूनच तर यूव्हीखाली पट्टे चमकतात, आणि जिवाणूंवरच्या एम्स टेस्टमध्ये ते म्युटेजेन (डीएनएत बदल घडवणारं) ठरलेलं आहे. भीती जेलची नको, स्टॉकची (बाटलीतल्या दाट द्रावणाची) बाळगा. ते मिलिलिटरला १० मिलिग्रॅम असतं. सांडलं तर ब्लीच ओतू नका, त्यातून तयार होणारे पदार्थही बरे नसतात. टिपून घ्या आणि वेगळ्या डब्यात टाका. पाण्यातलं असेल तर ॲक्टिव्हेटेड चारकोल शोषून घेतो.
खरा त्रास एथिडियमचे ग्लोव्हज घालून फ्रीज उघडणाऱ्यांचा. आमच्याकडे एकदा अंधार करून हातातला यूव्ही दिवा फिरवला. फ्रीजची मूठ, पिपेट, लॉगबुकचं पेन आणि एका महाशयांच्या मोबाईलची पाठ, सगळं नारिंगी.

म्युनिकर
आमच्याकडे एथिडियम कधीच बंद झालं. सुरक्षित डाय वापरतात.

साबुदाणा_वडा
हो, आणि इस्त्री पण करून देतात.

जेलडॉक
कृष्णाकाठची, तुझा तिसरा प्रश्न सगळे विसरले. चष्मा म्हणजे गॉगल नव्हे, बाजूने उघडा असतो. चष्म्यावरून बसणारा पॉलिकार्बोनेटचा घे, दीड-दोनशेत येतो. लेन्स लावलीस तरी गॉगल लागणारच, मग उपयोग काय? यूव्हीवर जेल कापायचं असेल तर मात्र पूर्ण चेहऱ्याची शील्ड लागते, ती लॅबने द्यायची असते. नसेल तर माग, लाजू नकोस.
माझं सांगतो. क्लोनिंगसाठी जेलमधला डीएनएचा पट्टा कापायला ट्रान्सइल्युमिनेटरवर (जेलखाली यूव्ही दिवा असलेल्या पेटीवर) सलग वीसेक मिनिटं वाकलो होतो. शील्ड होती, ग्लोव्हज होते, एप्रन होता. रात्री आंघोळीला गेलो तर दोन्ही मनगटांवर, ग्लोव्ह संपतो आणि बाही सुरू होते तिथे, दोन बोटं रुंद लाल पट्टा. बांगडी घातल्यासारखा. आठवड्याने साल निघाली. रूममेटला शील्ड नव्हती, तो रात्रभर डोळ्यांत वाळू गेल्यासारखा ओरडत होता.

निळी_शाई
बाप रे. आमच्याकडे जेल म्हणजे मायक्रोवेव्हची भीती. जेलसाठी उकळलेलं ॲगॅरोज शांत दिसतं, फ्लास्क हलवला की उसळून हातावर येतं. काढल्यावर अर्धा मिनिट नुसतं ठेवायचं, मग हलवायचं. आणि फ्लास्क अर्ध्याच्या खाली भरायचा. दूध उतू जातं तसं होतं, फक्त हे हाताला चिकटून राहतं.

लॅबमधले_मामा
मी ३१ वर्षं लॅब अटेंडंट होतो, आता रिटायर. सगळे कापडावर बोलले, बटणांवर कोणीच नाही. एप्रनला टिचबटणं पाहिजेत. काही सांडलं किंवा पेटलं तर दोन्ही हातांनी ओढलं की खर्रकन उघडतो. साधी बटणं काढत बसायला वेळ नसतो. मनगटाशी इलॅस्टिक किंवा घट्ट कफ, लोंबती बाही नको, बर्नरवर जाते. ओढणी लॉकरमध्ये, केस बांधून. स्पिरिटने हात किंवा टेबल पुसलं तर वाळेपर्यंत बर्नर पेटवायचा नाही. कॉटन पहिल्या धुण्यात आटतं, म्हणून एक साइज मोठा घ्यावा. आणि घरच्या कपड्यांत धुवू नये.

प्रिन्सेस_स्ट्रीटवाला
मामा, बायको तर पडद्यांबरोबर धुते. काही झालं नाही.

लॅबमधले_मामा
आता तो एप्रन नाही, फडकं आहे. धुवू द्या.

बोस्टनची_शमा
उशिरा आले. स्वतःचं मायक्रोपिपेट घे! कॉलेजची कॅलिब्रेट केलेली नसतात. पाच-सहा हजारांत चांगलं मिळतं, आयुष्यभर पुरतं.

साबुदाणा_वडा
चहा सांडला माझा.

कृष्णाकाठची
सगळ्यांचे मनापासून आभार. खरेदी झाली. नायट्राइलचा बॉक्स ४५०, चष्म्यावरचा गॉगल १८०, मार्कर ३०. एप्रन मात्र तुम्ही सगळे सांगत होता तसा रेडीमेड घेतला नाही. आमच्या पेठेतून तीन मीटर मांजरपाट घेतलं, ७० रुपयांनी २१०. शेजारच्या शिंपीकाकांकडून शिवून घेतला, २५०. मामा, तुमची टिचबटणं लावली, ३० रुपये. मनगटाला इलॅस्टिकपण. एकूण ११५० झाले, ५० उरले. बाबांना दाखवला तर म्हणाले डॉक्टरीण दिसतेस. किती दिवसांनी बोलले.

अर्धवट_पीएचडी
मांजरपाट? जर्नल सर्टिफाय करताना सर हसतील. पण कॉटन ते कॉटन. छान.

निळी_शाई
टिचबटणं भारी!

लॅबमधले_मामा
पोरी, कापड रात्रभर भिजवून मग शिवायला दिलंस ना?

कृष्णाकाठची
नाही मामा. काकांनी अगदी मापात शिवला होता. काल पहिल्यांदा धुतला.

लॅबमधले_मामा
बाही किती आटली?

कृष्णाकाठची
दोन बोटं.

लॅबमधले_मामा
मग ग्लोव्ह बाहीवरून चढवत जा, आतून नको.

कृष्णाकाठची
पोहोचतच नाही.