काचेचं कॉलेज की विटांचं? (आणि मध्येच घुसलेला वाडा)

अलकापुरी_निवासी (मूळ पोस्ट)
पुतणीच्या ॲडमिशनसाठी आपल्या बडोद्यातलं हायवेकडचं नवं आर्किटेक्चर कॉलेज बघून आलो. सहा मजली काचेची इमारत, मधोमध ॲट्रियम (वरपर्यंत मोकळा हॉल), सगळं सेंट्रल एसी. डोळे दिपले. नाहीतर आपली जुनी कॉलेजं. उघड्या विटा, धूळ आणि कबुतरं! मुलं पाच वर्षं जिथे राहणार ती जागाच कळकट असेल तर ती पुढे डिझाइन काय करणार? चांगली इमारत म्हणजे निम्मं शिक्षण. बोला.

टीस्क्वेअर
बोलतोच. "निम्मं शिक्षण" इथपर्यंत मान डोलावत वाचलं, मग "उघड्या विटा" आल्या आणि चहा तसाच राहिला. काका, असल्याच उघड्या विटांची इमारत बघायला लोक परदेशातून अहमदाबादला येतात. आर्किटेक्ट बाळकृष्ण दोशींनी तिथे १९६२ साली आर्किटेक्चरची शाळा काढली आणि साठच्या दशकातच तिची इमारत उभी केली. वीट आणि काँक्रीट, दुमजली उंचीचे स्टुडिओ, उत्तरेचा उजेड आत घेणारी तिरकी छपरं, खालचा बराच भाग मोकळा. तिथे पाणी प्यायला उठलेल्या सेकंड इयरच्या पोराला वाटेत थर्ड इयरचं मॉडेल दिसतं. कुठेतरी जुरी (परीक्षकांसमोर कामाची तपासणी) चालू असते, तिथे तो जरा रेंगाळतो. बोलणी दुसऱ्याला बसतात आणि शहाणा हा होतो. टाइमटेबलमध्ये या गोष्टीला तास नसतो.

आता तुमचं काचेचं कॉलेज. मी तिथे जुरीला जाऊन आलोय (तेच असावं, नसलं तर त्याचं सख्खं भावंड). दुपारचे तीन वाजलेले, पश्चिमेची अख्खी भिंत काचेची. ऊन अडवायला मुलांनी काचेवर आतून जुन्या शीट आणि बटर पेपर सेलोटेपने चिकटवलेले, आणि मग अंधार झाला म्हणून सगळ्या ट्यूबलाइट चालू. पिनअपला, म्हणजे शीट टाचून दाखवायला, भिंतच नाही. एका बाजूला काच, दुसऱ्या बाजूला गुळगुळीत लॅमिनेट आणि त्यावर पाटी, "टाचणी लावू नये". मुलांनी शीट खुर्च्यांच्या पाठीला टेकवून ठेवल्या होत्या. एसीचा झोत आला की सेक्शन (इमारतीच्या उभ्या छेदाचं ड्रॉइंग) जमिनीवर. ॲट्रियममध्ये काय? रिसेप्शन, सोफा आणि विश्वस्तांचे फोटो. वर्ग सगळे बंद दाराआड. शेजारच्या वर्गात काय चाललंय हे कळायला व्हॉट्सॲप लागतं.

बाउहाउस या गाजलेल्या डिझाइनच्या शाळेने १९२६ मध्ये देसाऊला वर्कशॉपच्या बाजूला काचेचीच भिंत केली. उन्हाळ्यात आत भट्टी व्हायची, आणि ते जर्मनीत! आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२-४३ ला टेकतो.

नवापुऱ्याची
आली, अहमदाबादची आरती आली. प्रसाद कधी वाटणार?

उत्तरेचा उजेड ड्रॉइंग बोर्डासाठी होता हो. आज बोर्डावर कोण बसतं? आमच्या ऑफिसात उत्तरेला भली मोठी खिडकी आहे. तिच्याकडे पाठ करून बसलं की स्क्रीनवर प्लॅनऐवजी आपलंच तोंड दिसतं. पडदा दिवसभर ओढलेला असतो.

नामांकित इमारतींचं कौतुक पण पुरे. पॉल रुडॉल्फ या आर्किटेक्टने १९६३ मध्ये अमेरिकेत येल विद्यापीठात आर्किटेक्चर स्कूलची इमारत बांधली. नऊ मजल्यांत तीसहून जास्त पातळ्या, अंग खरचटेल असं काँक्रीट. मासिकांत फोटो, आत पोरं वैतागलेली. १९६९ मध्ये तिथे मोठी आग लागली. ब्राझीलमध्ये साओ पाउलोला आर्टिगास या आर्किटेक्टने बांधलेल्या आर्किटेक्चरच्या शाळेचं पण तेच. ती मोकळी, उताराच्या रॅम्पची, सगळ्यांची लाडकी, आणि छत मात्र गळकं.

आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये शिकलो. एक सर होते. भर एप्रिलात खंडेराव मार्केटपाशी उभं करायचे आणि कमानीची सावली तासातासाला खडूने आखायला लावायचे. भाजीवाल्या हसायच्या. पण छज्जा किती बाहेर काढायचा हे मला तिथे कळलं. मास्तर चांगला असेल तर शेड पण चालते, आणि मास्तर पाट्या टाकणारा असेल तर दोशींच्या इमारतीतसुद्धा पाट्याच टाकेल.

सुरसागर_काठचा
तुम्ही सगळे बाउहाउस आणि येल करत बसा. मी आर्किटेक्ट नाही, पण आमचा दांडिया बाजारातला वाडा हेच खरं विद्यालय होतं. ओटीवर आजोबा शिकवण्या घ्यायचे, चौकात पाऊस पडायचा, माडीवरून काकू ऐकायच्या. पंखा नव्हता, पण कोणाचं अडलं नाही. रावपुऱ्यात जाऊन तांबेकर वाडा बघा, भिंती भरून चित्रं! पुरातत्त्वखात्याने जपला म्हणून वाचला. बाकीचे वाडे तुमच्याच आर्किटेक्ट मंडळींनी पाडले आणि खाली मोबाइलची दुकानं काढली. शाळा कशी असावी हे महाराष्ट्रातून आलेल्या आपल्या लोकांना दोनशे वर्षांपूर्वी कळत होतं.

नवापुऱ्याची
माडीवरून काकू ऐकायच्या, हे कौतुकाने लिहिलंत? ओटीवर का नाही बसायच्या त्या?

मी पण वाड्यातलीच आहे. ओटी आणि चौक पुरुषांचा. बायकांचं माजघर, तिथे दिवसाढवळ्या दिवा लावायला लागायचा. स्वयंपाकघरात चुलीचा धूर. आमच्या आजीचे डोळे त्या धुरात गेले. "पंखा नव्हता, अडलं नाही" असं तोच म्हणतो ज्याला दुपारी चौकात वारा लागायचा.

सुरसागर_काठचा
प्रत्येक गोष्टीत बाई-पुरुष आणायलाच पाहिजे का? आमच्या काकू तीन मुलांना गणित शिकवायच्या, माजघरात बसून. आणि एवढा राग आहे तर वाडा विकला तेव्हा वाटा घेतलात की नाही?

नवापुऱ्याची
घेतला. त्यातूनच खिडक्या असलेलं घर घेतलं. पुढचा प्रश्न?

टीस्क्वेअर
अहो, वाटणीचा दावा कोर्टात. इथे सेक्शन बघा. वाड्यात खणाची (दोन खांबांमधल्या गाळ्याची) रुंदी लाकडाच्या तुळईवर ठरते, म्हणून खोल्या अरुंद, म्हणून चौकाला लागून असलेल्या खणात उजेड चांगला पोचतो. माजघर मात्र दोन खोल्यांच्या मध्ये अडकतं, त्याला बाहेरची भिंतच मिळत नाही. तेव्हा ताईंचं म्हणणं नाइलाजाने मान्य. पण काकूंना माडीवरून ऐकू येत होतं ते चौकामुळेच ना? कॉलेजात तेवढंच पाहिजे. एकाचं दुसऱ्याला दिसावं, ऐकू यावं. आणि दोशी पुण्यात वाढले, त्यांनी वाडे पाहिलेच असणार.

सुरसागर_काठचा
पुण्यात! मग मी काय सांगत होतो?

नवापुऱ्याची
झालं. आता अहमदाबादची इमारत पण यांच्याच वाड्यातून निघाली.

प्लॉटर_बंद_आहे
फोर्थ इयर, कॉलेजचं नाव सांगत नाही, इंटर्नल मार्क सरांच्या हातात आहेत. तुम्ही सगळे उजेडावर भांडताय. आमचा स्टुडिओ सहाला बंद होतो. पावणेसहाला वॉचमन काका किल्ल्या वाजवत फिरतात. मॉडेल अर्धवट, फेविकॉल ओला, तसंच उचलून ॲक्टिव्हावर मागे बसायचं आणि सनबोर्ड (मॉडेलचा हलका फोमबोर्ड) वाऱ्याने उडू नये म्हणून हनुवटीने दाबायचा. साओ पाउलोच्या त्या शाळेला बाहेरचं दारच नाही असं सरांनी स्लाइडवर दाखवलं. स्लाइड संपली आणि किल्ल्या वाजल्या. आम्ही जे हसलो!

आमचं मॉडेलचं वर्कशॉप तळघरात आहे. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीला पूर आला तेव्हा लाकूड कापायचं मशिन पाण्यात. तळघरात वर्कशॉप कोणी काढलं विचारलं तर म्हणे वरचे मजले ॲडमिन आणि सेमिनार हॉलला लागतात.

अलकापुरी_निवासी
मी ॲडमिशनचं विचारलं होतं, तुम्ही माझ्या पोस्टवर वाड्याची वाटणी आणि पूर दोन्ही आणलेत. फी भरणाऱ्याला एसी दिसतो, हे लक्षात घ्या. पोरगी ४३ डिग्रीत घामाघूम होऊन शीट काढणार, हे मला बघवत नाही आणि त्यात गैर काही नाही.

टीस्क्वेअर
एसीला ना नाही. पश्चिमेच्या काचेला आहे. उन्हाला आधी आत घ्यायचं आणि मग त्याला बाहेर काढायला वीज जाळायची, हे आर्किटेक्चर कॉलेजने करावं? फर्स्ट इयरच्या पोराने असा प्लॅन काढला तर तिथलीच फॅकल्टी त्याला नापास करेल.

अलकापुरी_निवासी
बरं बाबा. शनिवारी परत जातो. पश्चिम, टाचणी आणि किल्ल्या, तीन गोष्टी विचारतो. रिसेप्शनवाली मला वेडा समजणार, पण तुमचं समाधान होऊ दे.

प्लॉटर_बंद_आहे
वर्कशॉप कुठल्या मजल्यावर ते पण, काका. आणि रिसेप्शनला विचारू नका, वॉचमनला विचारा.

सुरसागर_काठचा
आमच्या वाड्याचा मागचा चौक अजून शिल्लक आहे. ज्यांना सेक्शन-बिक्शन काढायचंय त्यांनी रविवारी या. टेप आपापली आणा. राग असणाऱ्यांनाही चहा मिळेल.

नवापुऱ्याची
येते. टेप आणते आणि माजघरापासून सुरुवात करते. चौकात कुलर लावलाय असं ऐकलं, खरं का?

सुरसागर_काठचा
तो भाडेकरूचा आहे.